कुत्र्याला जंताचं औषध देऊनही जंत पुन्हा का होतात?

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासच्या भागातल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आदेश दिला. पकडलेल्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण करावं, त्यांना जंताचं औषध द्यावं, लस टोचावी आणि मूळ जागी सोडावं, असं त्यात म्हटलं होतं. रेबीज झालेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री यातून वगळली होती.

निर्बीजीकरण आणि लस यांवर भरपूर चर्चा झाली. मधल्या जंताच्या औषधाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

घरच्या कुत्र्यांचंही काहीसं असंच होतं. दवाखान्याच्या फाईलमध्ये लसीच्या रकान्याशेजारी 'डिवर्मिंग'चा रकाना असतो. डॉक्टर गोळी देतात, तारीख लिहितात आणि लसीसारखं हेही काम वर्षभरासाठी उरकलं, असं अनेकांना वाटतं.

पण लस आणि जंताची गोळी यांचं काम अगदी वेगळं आहे. लस शरीराला पुढच्या संसर्गाशी लढायला तयार करते. जंताची गोळी त्या वेळी आतड्यात असलेल्या जंतांवर काम करते आणि नेहमीच्या गोळ्यांचा असर थोड्याच दिवसांत संपतो. त्यानंतर कुत्र्याने अंगणातली माती चाटली, अंगावरची पिसू गिळली किंवा मटणाच्या दुकानामागचं फोफस खाल्लं, तर जंतांना वाट मोकळीच असते.

त्यामुळे 'औषध दिलं का' यासोबत 'जंत आले कुठून' हेही विचारावं लागतं. प्रत्येक जंताची वाट निराळी आहे.

पिल्लू जंत घेऊनच जन्माला येतं

कुत्र्यांमध्ये सर्वात जास्त आढळणाऱ्या जंतांपैकी एक म्हणजे गोलकृमी. त्याचं शास्त्रीय नाव टॉक्सोकारा कॅनिस. पूर्ण वाढलेला जंत पांढरट, दहा ते अठरा सेंटिमीटर लांब आणि उकडलेल्या शेवईसारखा दिसतो. पिल्लाने उलटी केली आणि त्यात शेवया वळवळताना दिसल्या, तर तो हाच.

या जंताचं अंडं मोठ्या कुत्र्याच्या पोटात गेलं की त्यातून निघालेली अळी बऱ्याचदा आतड्यात राहत नाही. ती आतड्याची भिंत ओलांडते आणि स्नायूंमध्ये, इतर अवयवांमध्ये जाऊन निपचित पडून राहते. कुत्री असेल तर तिला काहीही त्रास होत नाही. तिची शी तपासली तरी काही सापडत नाही.

कुत्री गाभण राहिली की चित्र बदलतं. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असतो. साधारण सहा आठवडे झाले की झोपलेल्या अळ्या जाग्या होतात आणि वारेतून थेट पोटातल्या पिल्लांमध्ये शिरतात. काही अळ्या नंतर दुधातूनही जातात. म्हणजे पिल्लाने अजून डोळेही उघडलेले नसतात, जमिनीवर पाऊल टाकलेलं नसतं, तरी जंत त्याच्या शरीरात पोहोचलेले असतात.

जन्मानंतर या अळ्या यकृतातून फुफ्फुसात, तिथून खोकल्यावाटे घशात आणि गिळल्या गेल्या की आतड्यात येतात. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झालं की आतड्यातल्या माद्या अंडी घालू लागतात. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते.

इथे आपल्याकडे एक मोठी गफलत होते. बहुतेक लोक पिल्लाला पहिल्यांदा दवाखान्यात नेतात ते ४५ दिवसांचं झाल्यावर, पहिल्या लसीच्या वेळी. विकणारेही 'डॉक्टरकडे ४५ दिवसांनी न्या' असंच सांगतात. जंताचं पहिलं औषधही मग त्याच दिवशी मिळतं.

जगभरातल्या परजीवीतज्ज्ञांचा सल्ला मात्र पहिला डोस पिल्लू दोन आठवड्यांचं असताना देण्याचा आहे. जंत अंडी घालू लागण्याआधी ते काढून टाकायचे, हा त्यामागचा हिशेब. त्यानंतर चौथा, सहावा आणि आठवा आठवडा, आणि मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. आईलाही पिल्लांसोबतच औषध द्यायचं, कारण त्या काळात तिच्या आतड्यातही जंत वाढू लागतात.

म्हणजे ४५ दिवसांनी दवाखान्यात आलेल्या पिल्लाचे तीन डोस हुकलेले असतात, आणि तीन आठवडे त्याने घरात, जिन्यात, पायपुसण्यावर अंडी टाकलेली असतात.

पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, बरगड्या दिसणारं, राठ केसांचं पिल्लू पाहून 'छान गुबगुबीत आहे' म्हणणारे लोक कमी नाहीत. बरगड्या दिसत असताना फुगलेलं पोट ही खाण्यापिण्याची चैन नसते. आतडं जंतांनी भरलेलं असू शकतं. फार जास्त जंत झाले तर आतड्यात गुंता होऊन ते तुंबू शकतं आणि पिल्लू दगावू शकतं.

रक्त पिणारा जंत: हुकवर्म

लहान पिल्लांसाठी गोलकृमीपेक्षाही घातक ठरतो तो अंकुशकृमी, म्हणजे हुकवर्म. हा जेमतेम एक ते दोन सेंटिमीटरचा, दोऱ्याच्या तुकड्याएवढा. तोंडात दातांच्या तीन जोड्या. तो आतड्याच्या आतल्या अस्तराला चावा घेतो, रक्त गोठू नये म्हणून त्यात स्राव सोडतो आणि रक्त पितो. थोड्या वेळाने जागा बदलतो, तेव्हा आधीच्या जखमेतून रक्त झिरपतच राहतं.

एका हुकवर्ममुळे दिवसाला अंदाजे ०.१ मिलीलीटर रक्त जातं. हे ऐकायला नगण्य वाटतं. पण एक किलो वजनाच्या पिल्लाच्या अंगात रक्तच मुळात ८० ते ९० मिलीलीटर असतं. पोटात शंभर हुकवर्म असतील तर रोज साधारण १० मिलीलीटर रक्त कमी होतं. आईच्या दुधात लोह फारसं नसतं, आणि पिल्लाचं शरीर इतक्या वेगाने नवं रक्त तयार करू शकत नाही.

हुकवर्मच्या अळ्या पिल्लाच्या पोटात मुख्यतः दुधातून जातात. गोलकृमीप्रमाणेच याच्याही अळ्या आईच्या स्नायूंमध्ये लपलेल्या असतात आणि दूध उतरलं की सडांकडे निघतात. एकदा झालेल्या संसर्गातून एकाच नव्हे, तर पुढच्या वेतांमधल्या पिल्लांनाही जंत होऊ शकतात. रस्त्यावरच्या एखाद्या कुत्रीची पिल्लं दर वेळी दोन-तीन आठवड्यांची होऊन एकेक करून मरतात, तेव्हा आसपासचे लोक थंडी, पाऊस किंवा नजर यांना दोष देतात. त्यातल्या काही मृत्यूंमागे हुकवर्म असतो.

हे मृत्यू लक्षात न येण्याचं आणखी एक कारण आहे. पिल्लाच्या शीमध्ये हुकवर्मची अंडी दिसायला जन्मानंतर दोन ते तीन आठवडे लागतात. रक्त मात्र जंत त्याआधीच पिऊ लागलेले असतात. म्हणजे शीच्या तपासणीत काहीच नाही आणि पिल्लू मात्र पांढरं पडत चाललंय, असं होऊ शकतं.

अशा वेळी पिल्लाचा वरचा ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी असायला हव्यात. फिकट किंवा पांढऱ्या असतील, शी डांबरासारखी काळी आणि चिकट असेल, पिल्लू दूध ओढत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. जंताच्या औषधासोबत त्याला लोह, कधी कधी रक्तही द्यावं लागतं.

मोठ्या कुत्र्याला हुकवर्म मातीतून होतो. शीतून पडलेल्या अंड्यांतून काही दिवसांत अळ्या बाहेर येतात. त्यांना ऊब आणि ओल लागते, म्हणजे आपला पावसाळा त्यांच्या सोयीचा. त्या तोंडावाटे पोटात जातात, तशाच पंजाच्या किंवा पोटाच्या त्वचेतूनही शिरतात. कडक ऊन आणि कोरडेपणा त्यांना सोसत नाही. म्हणून कुत्रा बांधायची जागा सावलीत असली तरी ओली राहणार नाही, हे पाहणं हाही एक उपचारच आहे.

तांदळाचे दाणे आणि पिसवा

कुत्र्याच्या शेपटीखाली, बसायच्या चादरीवर कधी तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात. ताजे असताना ते हलतात, वाळले की काकडीच्या बीसारखे दिसतात. हे पट्टकृमीचे सुटे झालेले भाग. जातीचं नाव डिपायलिडियम. प्रत्येक तुकड्यात अंड्यांच्या पुड्या असतात.

ही अंडी कुत्र्याने थेट खाल्ली तर काहीच होत नाही. आधी ती पिसूच्या अळीने खावी लागतात. त्या अळीची पिसू होते, पिसू कुत्र्याला चावते, कुत्रा दातांनी खाजवताना ती गिळतो आणि मग त्याच्या आतड्यात पट्टकृमी तयार होतो.

या जंतावर प्राझिक्वांटेल नावाचं औषध उत्तम चालतं. तरीही 'दर महिन्याला गोळी देतो आणि दर महिन्याला दाणे दिसतात' अशी तक्रार असते. औषध बिनकामाचं नसतं. कुत्र्याच्या अंगावर आणि गादीच्या शिवणीत पिसवा तशाच असतात. पिसवांचा बंदोबस्त न करता या जंताची गोळी देत राहणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे.

मटणाच्या दुकानामागची वाट

दुसरा एक पट्टकृमी जेमतेम काही मिलिमीटरचा आहे. नाव एकायनोकोकस ग्रॅन्युलोसस. कुत्र्याच्या आतड्यात असे हजारो असले तरी कुत्रा ठणठणीत दिसतो. घरमालकाला काहीच कळत नाही. तरी माणसाच्या दृष्टीने या यादीतला सर्वात गंभीर जंत हाच.

याची अंडी कुत्र्याच्या शीतून गवतावर पडतात आणि शेळ्या, मेंढ्या, गाईगुरं चरताना ती गिळतात. त्यांच्या यकृतात आणि फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी तयार होतात. जनावर कापल्यावर गाठी असलेलं फोफस किंवा काळीज खाण्याजोगं नाही म्हणून कुत्र्यापुढे टाकलं जातं. गाठीच्या आत जंतांची हजारो बीजं असतात. साधारण सहा-सात आठवड्यांत त्या कुत्र्याच्या शीतून नवी अंडी पडू लागतात.

माणसाचा या चक्राशी तसा संबंध नाही. पण कुत्र्याच्या शीतली अंडी हाताला लागून, भाजीतून, पाण्यातून माणसाच्या पोटात गेली, तर मेंढीत होतं तेच माणसात होतं. यकृतात किंवा फुफ्फुसात गाठ तयार होते. तिला हायडॅटिड सिस्ट म्हणतात. ती वर्षानुवर्षं हळूहळू वाढते आणि बऱ्याचदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते. गाठ फुटली तर जिवावर बेतू शकतं. अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते.

महाराष्ट्रात मेंढपाळांचे वाडे कुत्र्यांशिवाय फिरत नाहीत. गावजत्रेत, घरच्या कार्यात बकरं कापलं की नको असलेले भाग कुत्र्यांकडे जातात. उघड्यावरच्या कत्तलीच्या जागेभोवती तर कुत्र्यांचे कळपच असतात. या सवयीत कुणाचा दुष्टावा नाही. उलट मुक्या प्राण्याच्या तोंडी काही पडावं, हीच भावना असते. पण जंताचं चक्र फिरतं ते इथेच.

ही साखळी तोडता येते, हे आइसलँडने दीडशे वर्षांपूर्वी दाखवायला सुरुवात केली. मेंढपाळांच्या त्या बेटावर हायडॅटिडने माणसं मोठ्या संख्येने मरत होती. १८६३ मध्ये हाराल्ड क्राब्बे हे डॅनिश शास्त्रज्ञ तिथे गेले, कुत्र्यांच्या आतड्यांची तपासणी केली, आणि हा आजार कसा पसरतो ते सांगणारी एक छोटी पुस्तिका लिहिली. पुढच्याच वर्षी ती घरोघरी वाटण्यात आली. बहुतेकांना वाचता येत असल्यामुळे तिचा परिणाम झाला. नंतर कुत्र्यांना औषध देण्याचे आणि गाठी असलेले अवयव नष्ट करण्याचे कायदे आले. विसाव्या शतकात तिथून हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

न्यूझीलंडची गोष्ट आपल्या पानदानाशी जोडलेली आहे. तिथे कुत्र्यांना अरेकोलीन नावाचं औषध दिलं जायचं. हे द्रव्य सुपारीत असतं. त्याने कुत्र्याला सडकून जुलाब होत आणि त्यातून बाहेर पडलेलं सगळं तपासलं जाई. १९५९ च्या कायद्यानंतर तर गावोगावी ठरलेल्या जागी कुत्री आणून बांधायची आणि अधिकाऱ्यांसमोर डोस द्यायचा, असा शिरस्ता होता. त्या देशाने २००२ मध्ये हायडॅटिडमधून तात्पुरती मुक्ती जाहीर केली. (घरी कुत्र्याला सुपारी घालण्याचा प्रयोग कुणी करू नये. त्यातलं द्रव्य विषारी ठरू शकतं आणि आज त्याहून कितीतरी सुरक्षित औषधं आहेत.)

दोन्हीकडे नुसत्या औषधाने काम झालं नाही. कच्ची फोफसं आणि काळीज कुत्र्यांना घालणं थांबलं, तेव्हा ते झालं. हे अवयव द्यायचेच असतील तर चांगले उकळून द्यावेत, नाहीतर खोल पुरावेत.

नेहमीच्या गोळीला न जुमानणारे

व्हिपवर्म हा चाबकासारखा जंत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला राहतो. अधूनमधून होणारे, शेवटी चिकट आव आणि रक्ताचे थेंब पडणारे जुलाब हे त्याचं लक्षण. संसर्ग झाल्यापासून अंडी दिसायला जवळजवळ तीन महिने लागतात, आणि अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पायरँटेल आणि प्राझिक्वांटेल ही औषधं याच्यावर चालत नाहीत. फेनबेंडाझोल किंवा फेबँटेल लागतं.

जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे तर जंत नव्हेतच. ते एकपेशीय जीव आहेत, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. जास्त पिल्लं एकत्र ठेवलेल्या जागी, म्हणजे ब्रीडरकडे, दुकानात, निवाऱ्यात, त्यांच्यामुळे दुर्गंधीयुक्त पातळ जुलाब होतात. नेहमीच्या जंताच्या गोळीने कॉक्सिडिया जात नाही. जिआर्डियाला सलग काही दिवसांचा कोर्स लागतो आणि सोबत कुत्र्याचा पार्श्वभाग साबणाने धुवावा लागतो, नाहीतर केसांना चिकटलेला संसर्ग चाटताना पुन्हा पोटात जातो.

इथे एक सावधगिरी महत्त्वाची. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होत असतील, तर 'जंत झाले असतील' म्हणून घरी औषध पाजत बसू नये. पार्व्हो या विषाणूजन्य आजारातही हेच होतं आणि त्यात एकेक तास मोलाचा असतो.

माणसांना काय धोका?

१९५० मध्ये अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर या संशोधिकेने मुलांचे काढून टाकलेले डोळे तपासले. बहुतेकांचे डोळे कर्करोगाच्या संशयावरून काढलेले होते. ४६ पैकी २४ डोळ्यांमध्ये त्यांना जंताची अळी किंवा तिच्या खुणा सापडल्या. ही अळी मुख्यतः कुत्र्याच्या गोलकृमीची असते, हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झालं.

माणसाच्या पोटात टॉक्सोकाराचं अंडं गेलं की अळी बाहेर येते, पण तिला आतड्यात मोठं होता येत नाही. ती यकृत, फुफ्फुस, क्वचित डोळा किंवा मेंदू अशी भटकत राहते. बहुतेकांना काही जाणवत नाही. काहींना ताप, खोकला, पोटदुखी होते. डोळ्यात गेली तर एका डोळ्याची दृष्टी जाऊ शकते. मातीत खेळून तीच बोटं तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना हा धोका जास्त असतो.

मात्र एक गोष्ट दिलासा देणारी आहे. ताज्या शीतलं गोलकृमीचं अंडं लगेच संसर्ग करू शकत नाही. मातीत साधारण दोन ते चार आठवडे गेल्यावर ते तयार होतं. म्हणून शी त्याच दिवशी उचलली तर या जंताची वाट तिथेच बंद होते. उचलली नाही, तर पावसाने शी विरघळून जाते, जागा स्वच्छ दिसते आणि अंडी वर्षानुवर्षं तिथेच राहतात. फिनेल किंवा ब्लीचने ती मरत नाहीत. हायडॅटिडची अंडी मात्र बाहेर पडताक्षणी संसर्ग करू शकतात, त्यामुळे हात धुण्याला पर्याय नाही.

हुकवर्मच्या अळ्या माणसाच्या त्वचेतही शिरतात. ओल्या वाळूत किंवा मातीत अनवाणी चालल्यावर, वाळूवर पडून राहिल्यावर काही दिवसांनी त्वचेवर लाल, खाजरी, नागमोडी रेघ उमटते आणि रोज थोडी पुढे सरकते. कुत्र्याच्या हुकवर्मची भारतात आढळणारी एक जात, अँसायलोस्टोमा सेलॅनिकम, माणसाच्या आतड्यातही पूर्ण वाढते.

शाळा-अंगणवाड्यांमध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना मिळणारी गोळी माणसांत वाढणाऱ्या जंतांसाठी असते. तिचा एक डोस घेतला म्हणून कुत्र्यांकडून येणाऱ्या या जंतांपासून संरक्षण मिळतं, असं समजू नये.

औषध देताना कुठे चुकतं?

मोठ्या कुत्र्याला वर्षातून किमान चार वेळा, म्हणजे दर तीन महिन्यांनी औषध द्यावं, असं युरोपातल्या परजीवीतज्ज्ञांची 'ईस्कॅप' ही संस्था सुचवते. वर्षातून एकदा दिलेल्या डोसचा फारसा उपयोग होत नाही. घरात रांगतं मूल असेल किंवा कुत्रा मोकळा फिरत असेल, तर डॉक्टर यापेक्षा जास्त वेळा द्यायला सांगू शकतात. कच्चे अवयव खाणाऱ्या मेंढपाळांच्या कुत्र्यांना प्राझिक्वांटेल दर सहा आठवड्यांनी देण्याचा सल्ला दिला जातो.

डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. 'मध्यम कुत्रा, एक गोळी' असा अंदाज करून कमी डोस दिला तर काही जंत वाचतात. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये अनेक औषधांना दाद न देणारे हुकवर्म सापडले आहेत. घरी वजन करायचं तर कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहावं आणि आपलं वजन वजा करावं.

पहिला डोस आतड्यातल्या जंतांवर काम करतो. त्या वेळी शरीरात इतरत्र असलेल्या अळ्या नंतर आतड्यात उतरतात. दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस द्यायला सांगतात तो त्यासाठी. आणि नेमका तोच विसरला जातो.

औषधानंतर जंत दिसले नाहीत म्हणजे ते लागू पडलं नाही, असं नाही. गोलकृमी अनेकदा शेवयांसारखे बाहेर पडतात, पट्टकृमी मात्र आतच पचून जातात. उलट बाजूने, कुत्रा ढुंगण जमिनीवर घासतो म्हणजे जंतच, असंही नाही. बऱ्याचदा गुदद्वाराजवळच्या ग्रंथी भरलेल्या असतात.

घरातली माणसांची जंताची गोळी कुत्र्याला देऊ नये. अल्बेंडाझोलमुळे कुत्र्यांच्या अस्थिमज्जेवर घातक परिणाम झाल्याची नोंद आहे. गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने टोचणं त्याहून धोक्याचं. कोली, शेल्टी अशा जातींतल्या अनेक कुत्र्यांमध्ये एक जनुकीय बदल असतो, त्यामुळे हे औषध जास्त मात्रेत थेट मेंदूत पोहोचतं. लसणाचा उपायही टाळावा, लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतात. वावडिंग आपल्याकडे बाळांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जातं, पण पांढऱ्या हिरड्यांच्या पिल्लासाठी त्यावर विसंबणं म्हणजे वेळ घालवणं. आणि गोड खाऊन जंत होत नाहीत, कुत्र्यालाही नाही आणि माणसालाही नाही.

गाभण कुत्रीच्या स्नायूंत झोपलेल्या अळ्या नेहमीच्या गोळीने मरत नाहीत. गर्भाच्या ४० व्या दिवसापासून वेतानंतर १४ दिवसांपर्यंत रोज फेनबेंडाझोल दिल्यास पिल्लांमध्ये जाणाऱ्या अळ्या बऱ्याच कमी होतात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काय?

निर्बीजीकरणाच्या वेळी दिलेला एक डोस त्या कुत्र्याला शस्त्रक्रियेनंतर सावरायला मदत करतो. पण तो कुत्रा त्याच गल्लीत, त्याच मातीत आणि त्याच कचराकुंडीपाशी परत जातो. थोड्याच काळात त्याच्या पोटात पुन्हा जंत असू शकतात.

जंतांच्या बाबतीत निर्बीजीकरणाचा खरा फायदा वेगळाच आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो. जी कुत्री गाभण राहत नाही, तिच्या स्नायूंतल्या अळ्यांना पिल्लांपर्यंत जायला वाट मिळत नाही. गोलकृमीची सर्वाधिक अंडी पिल्लांच्याच शीतून पडतात. पिल्लं कमी, तर मातीतली अंडीही कमी.

सोसायटीतल्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणारे लोक हे काम पुढे नेऊ शकतात, कारण कुत्री त्यांच्याच हातून खातात. प्रत्येकाचं अंदाजे वजन पशुवैद्यकांना सांगून, गोळी खाण्यात मिसळून, तीन महिन्यांची तारीख लिहून ठेवता येते. गोळी कुणी खाल्ली आणि कुणी थुंकली, हे मात्र समोर उभं राहून पाहावं लागतं.

औषध लागू पडलं की नाही, कोणता जंत आहे, हे कळण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे शीची तपासणी. त्या दिवशीची, मातीला न लागलेली, सुपारीएवढी शी स्वच्छ झाकणाच्या डबीत घ्यायची आणि काही तासांत पोहोचवायची. उशीर होणार असेल तर डबी पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायची, फ्रीझरमध्ये नाही. प्रयोगशाळेत ती मिठाच्या किंवा साखरेच्या दाट द्रावणात मिसळतात, हलकी अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. पट्टकृमी यात अनेकदा निसटतो, म्हणून तांदळासारखे दाणे दिसले असतील तर तेही डबीत घालावेत किंवा फोटो दाखवावा. अहवालात काही निघालं नाही आणि लक्षणं कायम असतील, तर काही दिवसांनी पुन्हा नमुना द्यावा. खासगी दवाखान्यांशिवाय मुंबईत परळला, तसंच नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या रुग्णालयात या तपासणीची चौकशी करता येईल.